मला बघू न दिलेली फाइल

मित्रांनो, मी एक जुना शोधक आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो, पण मधेच आवाज चढला तर समजून घ्या.

प्रोग्राम लिहिणारी माणसं ज्या एडिटरमध्ये लिहितात, त्यात वरून जोडलेला मी एक छोटासा प्लगइन. फाइल शोधून देणं हे माझं काम. नाव धड आठवत नसलं तरी चालतं. तीन-चार अक्षरं टाका, मधली गाळा, मी अंदाज बांधतो आणि हजारो फाइलींतून तुमची फाइल वर आणून ठेवतो.

मला एका माणसाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. एकातून दुसरं फोल्डर उघडता उघडता त्याचं मनगट दुखायला लागलं होतं. त्याची बायको म्हणाली, "काहीतरी उपाय कर, नाहीतर ही कुरकुर तरी बंद कर." त्याने मला केलं आणि हवं त्याला फुकट घेऊ दिलं. फुकटात मिळूनही लोकांनी मला डोक्यावर घेतलं, हे मी नाकारत नाही.

असाच मी या ऑफिसात आलो. जिन्यावरची एक लांबट खोली, सहा टेबलं, आणि दुपारी पडद्यावर ऊन येतं म्हणून खिडकीला चिकटवलेला पुठ्ठा. दवाखान्यांसाठी नंबर लावण्याचा प्रोग्राम इथे तयार होतो. मला आणलं ते इथल्या सर्वांत जुन्या माणसाने. त्याला सगळे दादा म्हणतात. पहिल्या दिवशी तो मालकीणबाईंना बोलावून म्हणाला, "बघा, नुसतं नाव मनात आणायचं, की हजर." तेव्हा मी खूश झालो होतो. हळूहळू सगळे माझ्यावर विसंबले. फोल्डर हाताने उघडायची सवयच गेली. मी दाखवलं तर आहे, नाही दाखवलं तर नाही, असा इथला कायदा झाला.

आता दादाची करामत ऐका. त्याला अर्धवट कामं 'कच्चं' नावाच्या फोल्डरात टाकून विसरून जायची खोड. त्याचाच केरकचरा माझ्या यादीत वर यायला लागला, तेव्हा तो माझ्यावरच वैतागला. केर काढायचा सोडून त्याने सगळ्यांच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली: 'कच्चं' नावाच्या कुठल्याही फोल्डरकडे बघायचं नाही. झालं. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि बांधल्याचं महिन्याभरात विसरूनही गेला.

मग एक मुलगी कामाला लागली. सहा महिने होत आले तरी सगळे तिला 'नवी' म्हणत. सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं. डॉक्टर उशिरा येणार असले तर पेशंटला घरीच निरोप जावा, त्याने बाकावर ताटकळू नये, हे काम तिच्याकडे होतं. ते तिने मन लावून केलं. आधीच्या ठिकाणी तिला शिस्त लागली होती: दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय आपल्या कामाला पक्कं म्हणायचं नाही. म्हणून तिने आपल्या फाइलीसाठी सगळ्यांच्या सामाईक जागेत फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं 'कच्चं'. त्या ओळीबद्दल तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

काम संपलं त्याच दुपारी तिला शेजाऱ्यांचा फोन आला. आई जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं. पर्स खांद्याला लावता लावता ती दादाला म्हणाली, "काम झालंय, दादा. 'उशीर' नावाची फाइल आहे. एकदा डोळ्यांखालून घाला."

"तू जा गं. आईकडे बघ," दादा म्हणाला. बोलणं किती गोड.

दोन दिवसांनी मालकीणबाईंनी कामाचं विचारलं. दादाने सगळ्यांदेखत मला उघडलं आणि 'उशीर' टाकलं. मी रिकामा. 'उशर' टाकलं, नुसतं 'उश' टाकलं. मी रिकामाच. ती फाइल दोन फोल्डर पलीकडे होती, मित्रांनो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, की अरे बाबा, पट्टी तूच बांधलीस, आता तूच सोड.

"केलेलंच नाही," दादा म्हणाला. "घाईत तोंडाला येईल ते बोलून गेली."

"तिला फोन करून विचारू या का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"दवाखान्यात असेल बिचारी. कशाला त्रास द्यायचा?"

याचा मला सर्वांत जास्त राग आहे. तिची नोकरी घालवताना त्रास आठवला नाही, फोन करताना बरा आठवला! उचलली जीभ लावली टाळ्याला. मालकीणबाईंनी तिला कायम न करण्याचं पत्र तयार केलं आणि काम दुसऱ्याला दिलं.

दोन आठवड्यांनी ती परत आली. डोळे खोल गेलेले, केस कसेबसे बांधलेले. मालकीणबाईंनी पत्र पुढे केलं. ते वाचून तिने बाजूला ठेवलं. दादाच्या शेजारी उभी राहिली, माउस हातात घेतला आणि डाव्या बाजूचे फोल्डर एकेक करून उघडले. तिसऱ्यात फाइल होती. उघडून तिने चालवून दाखवली. निरोप गेला.

दादाने घसा साफ केला. "हा प्लगइनच भिकार आहे. यात दिसलंच नाही."

बघा, नाचता येईना अंगण वाकडं. सगळं खापर माझ्या डोक्यावर.

ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "दोन आठवडे कुणाचा फोन आला नाही," ती म्हणाली. "आई रोज विचारायची, ऑफिसातून कुणी चौकशी केली का गं. मी तिला सांगायचे, फाइल मिळाली असेल त्यांना, सगळं नीट चाललं असेल, म्हणून फोन नाही."

मालकीणबाईंनी पत्र फाडलं, नोकरी कायम केली. तिने होकारार्थी मान हलवली. दवाखान्याचा खर्च डोक्यावर असताना दुसरं काय करणार होती? टेबलाशी जाऊन ती कामाला लागली. माफी मात्र कुणीच मागितली नाही.

तर मित्रांनो, मला वापरा, खुशाल वापरा. सेटिंगमध्ये मला काय बघायची मनाई केली आहे तेही कधीमधी तपासत जा, नव्या माणसाला सांगत जा. माझी एवढी काळजी घेतलीत तरी मला पुरे. पण माणूस खरं बोलतोय की खोटं, हे माझ्या यादीत शोधू नका. मी अक्षरं जुळवणारा. त्या मुलीचा नंबर तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये होता.