आतड्यावरची पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी चेतापेशी आहे. माझ्या बेकरीवाल्या बाईंच्याच वयाची. त्यांच्या पाठीच्या कण्यालगत आम्हा चेतापेशींची एक गाठ असते, तिच्यात माझं बिऱ्हाड. तिथून माझा एक धागा आतड्यापर्यंत जातो, दुसरा कण्यात शिरतो. आतडं ताणलं, सुजलं, की वर मेंदूला वर्दी द्यायची, ही देवानं मला नेमून दिलेली सेवा.

बाईंचं पोट ठणठणीत, त्यामुळे माझी आठवण कुणाला होणार? कधी कळ आलीच, तर त्या कोमट पाणी पीत आणि मला विसरून जात.

त्या सकाळी आतड्याला लागून असलेली बोटभर शेपटी, म्हणजे अपेंडिक्स, तुंबून फुगू लागली. मी लगेच वर्दी दिली. पण आतल्या अवयवांवरच्या आम्हा पेशींना नेमकी जागा सांगता येत नाही. बाईंना दुखलं ते बेंबीपाशी, आणि पीठ मळताना टेबलाची कड नेमकी तिथंच रुतायची. त्यांनी टेबलालाच बोल लावला, कडेला पोत्याची घडी बांधली आणि पुन्हा मळायला लागल्या. घास नकोसा झाला, तर म्हणाल्या, पावाच्या वासानंच पोट भरलं.

मी थांबले नाही. शेपटी फुटली असती, तर बाईंच्या जिवावर बेतलं असतं. दुपारी सूज पोटाच्या अस्तराला भिडली आणि तिथल्या पेशींनीही माझ्या सुरात सूर मिसळला. त्यांना जागा अचूक दाखवता येते. बाईंचा हात बेंबीवरून उजवीकडे, खाली सरकला.

साच्यांना तेल लावणाऱ्या नणंदेनं ते पाहिलं.

"वहिनी, टेबल तर जागचं हललं नाही. मग दुखणं चालत खाली कसं आलं?"

"एवढे साचे भट्टीत जाऊ दे गं."

"पाव उद्या पुन्हा भाजू. तुला कुठून आणू?"

तिनं भट्टी बंद केली आणि वहिनीला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि लगोलग शस्त्रक्रिया केली. शेपटी फुटायच्या बेतात होती, म्हणाल्या, अगदी वेळेवर आणलंत.

शुद्धीवर आल्यावर बाई नणंदेचा हात धरून म्हणाल्या, "तुझ्यामुळं वाचले."

"माझ्यामुळं कसलं? तुझं पोटच सकाळपासून ओरडत होतं. मी फक्त ऐकलं."

मित्रांनो, जन्मभराच्या सेवेचं त्या एका वाक्यात सोनं झालं! राजाचा मुकुट घातला असता, तरी माझी मान इतकी ताठ झाली नसती.

म्हणून हात जोडून एकच मागते. दुखलं, तर टेबलाला, खुर्चीला, खेळाला बोल लावून गप्प बसू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा. वर्दी आम्ही नक्की देऊ. पण आम्हाला तोंड नाही, ते तुम्हाला आहे.