उजवा कौल

अकरावीच्या पोरांना मी पहिल्याच तासाला सांगते, मानसशास्त्र म्हणजे मन वाचायची जादू नव्हे, माणूस कसा वागतो ते नीट बघायचं शास्त्र. कर्म माझं! घरात सख्खा भाऊ झुरत होता आणि ते बघायला कोणी तयार नव्हतं.

सुदेशची होडी उलटली, त्यात त्याचा होडीवरचा जोडीदार प्रीतम गेला. तेव्हापासून सुदेशची झोप उडाली. जेवता जेवता उठून दारात जायचा. प्रीतम दिसतो, हाक मारतो म्हणायचा. मी हातापाया पडून त्याला मनाच्या डॉक्टरकडे यायला राजी केलं, तर बाबा म्हणाले, "आधी देवाक विचारूया." सुदेश म्हणाला, "देव सांगात तसा."

देवळात गुरवाने पाषाणावर पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी तर नाही. बाबांनी मुलासाठी देवाला विचारलं,

"म्हाराजा, झिलाक डाक्टराकडे न्हेवक व्हया काय?"

उजवी पडली. एरवी कौलाला नाक मुरडणारी मी, माझे हात आपोआप जोडले गेले.

बाबांचा चेहरा उतरला. "परत लाव." परत उजवीच. गाव काय म्हणेल, ह्याला मुलगी कोण देईल, सगळं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं. मग त्यांनी प्रश्नच बदलला. "म्हाराजा, माझो झील बरो आसा मां?"

ओली पाकळी ती, तिला प्रश्न बदललेला काय कळणार! पुन्हा उजवीच पडली.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

वाटेत मी बाबांना फैलावर घेतलं. "पयल्या दोन कौलांचा काय झाला?"

"देवान सांगल्यान मां? आता गप रव गो."

मागून येणारा सुदेश थांबला. "देव म्हणता मी बरो आसय. मगे प्रीतम माका कित्याक दिसता?"

बाबांनी ऐकलं आणि चाल वाढवली.

डॉक्टरकडे जायला सांगून ठेवलेल्या गाडीत सुदेश बसलाच नाही. आता तो दारात जात नाही. हातात घास धरून ताटावर बसून राहतो. कोणी विचारलं की म्हणतो, "बरो आसय." देवाने झील परत दिला, असं बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरतात. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

परवा त्याला एकटं गाठून विचारलं, "प्रीतम अजून दिसता रे?"

तो पाहुण्याकडे बघून हसावं तसा हसला. "नाय गो. बरो आसय मी."

आधी निदान मला तरी खरं सांगायचा.