ज्यादा ब्रेक

आईने स्वतः हात झटकले आणि मला पुढे केलं. "तुझं ऐकतील," म्हणे! आजवर कधी ऐकलंय?

बाबांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवली. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, गाडी बंद. "घाबरट आहे तो," म्हणून बाबांनी विषयच उडवून लावला. वर उद्यापासून माझ्या लेकीला शाळेत सोडायला तेच नेणार, गाडीतून! म्हणजे किल्ली आजच काढून घ्यायला हवी.

म्हणून ही पाणथळीतली फेरी. पाण्यावरून गेलेली लाकडी वाट, दोन्हीकडे लव्हाळे, लोक कसे निवांत चाललेले. माझ्या जिवाला मात्र चैन नव्हतं. वाक्य ओठांवर यायचं आणि मी परत गिळायचे.

"अगं, हळू! आरसा न बघता ओव्हरटेक कसली करतेस?" मी एका जोडप्याला तरातरा मागे टाकलं तर बाबा ओरडले, आणि त्यांचा पाय फळीवर दाबला गेला. शिकवणाऱ्याच्या बाजूला ज्यादा ब्रेक असतो ना, त्याची सवय. घरी सोफ्यावर बसूनसुद्धा टीव्हीतल्या गाड्यांना ब्रेक लावायचे.

वळणावर मी बोट दाखवलं. "बाबा, तो बगळा दिसतोय का?"

"दिसतोय की! लबाड, हलतसुद्धा नाही."

हलेल कसा? पाण्याची पातळी मोजायचा पांढरा खांब होता तो. आपल्याच बापाला असं फसवलं याची लाज वाटली, आणि रागही आला, भयंकर.

"तो खांब आहे, बाबा! उद्या त्या जागी एखादं पोर असेल!"

लोक वळून बघायला लागले. बाबा कठडा धरून, डोळे बारीक करून तिकडे बघत राहिले.

"नक्की खांब?"

"नक्की."

मग बाबा परत फिरले. गाडीशी आल्यावर सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला गेले, दाराला हात घातला, थांबले. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि पलीकडे जाऊन बसले.

"आरसे बघ आधी."

"बघितले, बाबा."

फाटकाशी एक सायकलवाली एकदम आडवी आली. मी करकचून ब्रेक दाबला. बाबांचा पाय मॅटवर होता तसाच होता.

"काय गं," त्यांनी विचारलं, "का थांबलीस?"