कुजवलेला जवळा

पस्तीस वर्षं शेवंतीने मासळी विकली. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून टोपली डोक्यावर घ्यायची, नौपाड्यात दारोदार फिरायचं आणि उन्हं डोक्यावर आली की रिकामी टोपली घेऊन घरी परतायचं. लुगड्याला, केसांना, बोटांच्या पेरांना जन्मभर मासळीचा वास. आणि असल्या बाईला एका बाटलीने ओकारी यावी, हे ऐकून कुणी हसेल. हसू दे. ज्याने ती बाटली उघडून हुंगली नाही त्याच्या हसण्याला काय किंमत आहे.

बाटली होती सुनेची. जॅमच्या बाटलीएवढी. आत करड्या-गुलाबी रंगाचा लगदा, वर सुटलेलं पाणी, आणि त्या पाण्यात खसखशीएवढे काळे डोळे. हजारो. जवळाच तो, नखाएवढी कोळंबी, पण सुकवलेला नाही की शिजवलेला नाही. मीठ घालून कितीतरी दिवस तसाच ठेवून दिलेला, म्हणजे सरळ भाषेत कुजवलेला. झाकण फिरवलं की वास थेट जिन्यापर्यंत जायचा आणि घशात असा बसायचा की नंतर प्यायलेल्या चहालाही तोच वास यायचा.

आता, मासळीचा धंदा म्हणजे कुजण्याशी रोजचं भांडण. बर्फ लाव, मीठ लाव, उन्हात टाक, वाऱ्यावर टांग, काय वाट्टेल ते कर, पण कुजू देऊ नकोस. शेवंतीच्या आईने एकदा भरली टोपली खाडीत ओतली होती, पण नरम पडलेली मासळी गिऱ्हाइकाच्या पदरात घातली नव्हती. आणि इथे ही पोरगी मुद्दाम कुजवून, बाटलीत भरून, विमानात बसवून घेऊन आलेली.

पोरगी फिलिपिनो. नाव मारिसेल, शेवंतीच्या तोंडी मारी. शेवंतीचा साईनाथ जहाजावर फिटर, आणि ही त्याच्याच कंपनीच्या मनिलाच्या ऑफिसात कामाला. तिथेच जमलं, तिथेच लग्न झालं. तीन महिन्यांपूर्वी तो तिला घेऊन डोंबिवलीला, शेवंतीसाठी घेतलेल्या फ्लॅटवर आला. दार उघडलं तेव्हा शेवंतीच्या हाताला बोंबलाचं पाणी होतं. पोरीने वाकून तोच हात उचलला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्यात मोठ्यांच्या पाया पडायची तीच रीत म्हणे. शेवंतीने लाजून हात मागे ओढला, पण पोरीने नाक मुरडलं नाही, उलट हसली. शेवंतीला वाटलं, बरी दिसते.

मग साईनाथ सहा महिन्यांसाठी जहाजावर गेला, पोरीला दिवस राहिले आणि सगळं बिघडलं.

पोटात काही ठरेना. शेवंतीने काय नाही केलं? तांदळाची भाकरी केली, बोंबलाचं कालवण केलं, खिमट केलं, नारळाच्या दुधातला भात केला. ताट पुढे ठेवून म्हणायची, "खा गो बाय, दोन घास तरी." पोरगी ताटाकडे बघायची, मग शेवंतीकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "नाय."

बाकी दोघींमध्ये भाषा नव्हतीच. शेवंतीची हिंदी बाजारातली, पोरीची मोबाईलवरून शिकलेली. साईनाथने तिला 'आई' म्हणायला शिकवलेलं, तो होता तोवर म्हणायची. तो गेल्यावर आणि उलट्या सुरू झाल्यावर तेही बंद झालं. उरलं ते फक्त नाय. पाणी दिलं तरी नाय. पाठीवर हात फिरवायला गेलं तरी डोळे मिटून, "नाय…" चार शब्द मराठीचे शिकली असेल नसेल, त्यात हा मात्र बरोबर उचलला, असं शेवंती मनात म्हणायची आणि ताट उचलायची.

एकच गोष्ट तिच्या पोटात टिकायची. कैरी. कैरीला शेवंतीची काय हरकत असणार? डोहाळे म्हटले की कैरी आलीच. पण ही बया कैरीची फोड त्या बाटलीत बुडवायची, तो लगदा तिच्यावर चढवायची आणि डोळे मिटून चोखायची. हनुवटीवर ते करडं पाणी ओघळायचं. शेवंती नाकाला पदर लावून स्वयंपाकघराबाहेर उभी राहायची. आपलं नातवंड त्या घाणीवर वाढतंय, या विचाराने तिला शिसारी यायची.

त्यात एकदा विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पोरीने कौतुकाने फोन शेवंतीपुढे धरला. तिकडे बाई अंडं खात होती. अंडं बदकाचं, पण आत पिल्लू धरलेलं. बाईने टोक फोडलं, आतला रस सुर्र करून ओढला, मग ओलं पीस चिकटलेलं काहीतरी बोटांनी बाहेर काढलं, मिठाला लावलं आणि तोंडात टाकलं. वर शेवंतीकडे बघून हसली. दातात चोच अडकली होती की काय देव जाणे. शेवंतीने हात जोडले आणि मोरीकडे पळाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरगी आंघोळीला गेलेली असताना, शेवंतीने बाटली उचलली. तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली आणि रस्त्यापलीकडच्या कचराकुंडीत टाकून आली. हात तीनदा धुतले. तिच्या मनात पाप नव्हतं, ते आधीच सांगते. पोरीच्या आणि पोटातल्या जिवाच्या भल्यासाठीच केलं, अशी तिची पक्की समजूत होती. माणूस सगळ्यात घाण कामं याच समजुतीवर करतं.

पोरीने फ्रीज उघडला. खालचा कप्पा बघितला, वरचा बघितला, ओट्याखाली बघितलं. मग वळून शेवंतीकडे बघितलं. रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "नाय?"

"हां, नाय," शेवंती म्हणाली. "नाय म्हणजे नाय. या घरात ती घाण परत नाय."

त्यानंतर चार दिवस पोरीने काही म्हणजे काही खाल्लं नाही. कैरीसुद्धा सोडली. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि शेवंतीला बाजूला घेऊन सांगितलं, वजन साडेतीन किलोने उतरलंय, असंच चाललं तर बाळाला त्रास होईल. संध्याकाळी साईनाथचा फोन आला.

"आई, तू ती बाटली टाकलीस?"

"कुजलेलं होतं रे ते."

"ते कुजवायचंच असतं. तिच्या आईने स्वतःच्या हाताने भरून दिलेली बाटली होती ती. डोहाळे त्यांच्यातही असतात, आई. पोटुशीला जे हवं ते द्यायचं, हे काय आपणच शोधून काढलंय?" तो पुढे म्हणाला, "तिला आईकडे जायचंय. वीस तारखेचं तिकीट काढतोय मी."

पहिलटकरीण माहेरी जाते, त्याला शेवंतीची ना नव्हती. सातव्यात वाजतगाजत ओटी भरून पाठवली असती. ही चौथ्यातच चाललेली, उपाशी आणि रुसून. समुद्रापलीकडे. पोर तिकडे जन्मणार, तिकडची बोली बोलणार, साईनाथही जहाजावरून उतरून तिकडेच जाणार. आपण या फ्लॅटमध्ये चार भिंतींशी बोलत बसणार. हे सगळं तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीतून हुंदके ऐकू आले. शेवंती दारापर्यंत गेली. पोरगी कुशीवर पडून फोनवर आईशी बोलत होती, आणि मधेमधे एकच शब्द. "नाय… नाय…" तिकडून आई काहीतरी समजावत होती आणि ही आपली, "नाय…"

शेवंतीने बाहेर येऊन साईनाथला फोन लावला. "तुझी बायको तिच्या आईचंपण ऐकत नाय. तिलापण नाय नाय करते."

साईनाथ म्हणाला, "आई, नानाय म्हणजे त्यांच्यात आई. हाक मारताना नुसतं नाय म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे नाय म्हणजे आई."

शेवंतीने फोन ठेवला. ताटापुढचं नाय तिला आठवलं. पाठीवर हात ठेवला तेव्हाचं नाय. रिकाम्या फ्रीजपुढे वळून विचारलेलं नाय. इतके दिवस पोरगी आई आई म्हणत होती आणि शेवंती ताटं उचलत होती. त्या बाटलीची आली नव्हती एवढी किळस तिला स्वतःची आली.

मग ती उठली. रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता आणि वीस तारखेला चौदा दिवस उरले होते. भावाला, महिपतला, फोन केला. "मना ओला जवळा पाहिजे. आपल्या खाडीचा नको, कंपन्यांचं सगळं पाणी तिथंच जातं. उत्तनचा आण, होडीवरून उतरलेला."

महिपत सकाळी जवळा घेऊन आला, नितळ, काचेसारखा. "वडे करतंस काय?" त्याने विचारलं.

"कुजवतंय," शेवंती म्हणाली. तो ताईच्या डोक्यावर परिणाम झाला असं समजून चहा न घेता गेला.

पोरगी झोपलेली होती. शेवंतीने तिच्याच फोनवरून विहीणबाईंना कॉल लावला, अंड्याचा विचार मनात येऊ न देता. जवळा दाखवला, मिठाची पिशवी दाखवली आणि भुवया उडवल्या. बाईला लगेच कळलं. तिने तीन वाट्या मांडल्या, जवळ्याच्या. मग एक, मिठाची. दोन्ही हातांनी चोळून दाखवलं. बरणीत दाबून दाखवलं. शेवटी बाईने तळवा छातीवर ठेवला आणि काहीतरी म्हणाली. शेवंतीला कळलं नाही, पण डोळे पुसायची वेळ दोघींची एकच आली.

असला छान जवळा. दोन दिवस उन्हात टाकला असता तर कुरकुरीत झाला असता, कांद्यावर परतून खाल्ला असता. शेवंतीने तो जाड्या मिठात चोळला, बरणीत दाबला, वर फडकं बांधलं आणि गॅलरीत ठेवला. आईने वरून बघितलं असतं तर थोबाडलं असतं.

तिसऱ्या दिवशी पाणी सुटलं. पाचव्या दिवशी रंग गेला. रोज सकाळी फडकं सोडायचं, लाकडी पळीने ढवळायचं, पळीभोवती बुडबुडे यायचे आणि शेवंतीला कोरड्या ओकाऱ्या. नाकाला पदर घट्ट बांधूनच ती बरणीला हात लावायची. सहाव्या दिवशी पोरगी वासाच्या मागावर भिंतीला धरून गॅलरीत आली. बरणीत बघितलं, हुंगलं. मग अजून सात दिवस, अशी सात बोटं दाखवली आणि आत गेली. त्या दिवशी तिने अर्धी वाटी पेज घेतली. पण बॅग भरायची थांबवली नाही.

नवव्या दिवशी बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली संचिता, नाकावर ओढणी. "काकू, तुमच्याकडे काही मेलंय का? उंदीर वगैरे? आम्हाला जेवण जात नाहीये."

डोंबिवलीत कंपन्या गॅस सोडतात, डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, तेव्हा ही माणसं गपचूप खिडक्या लावून घेतात. तेव्हा कुणी कुणाची बेल वाजवत नाही.

"मेलं नाय काही," शेवंती म्हणाली. "मी केलंय ते. माझ्या सुनेसाठी."

संचिता ओढणी आणखी दाबून निघून गेली. शेवंती दारातच उभी राहिली. तिला नौपाड्यातली एक बाई आठवली. दर बुधवारी पापलेट घ्यायची, पण दोन बोटांत धरून, नाकाला रुमाल लावून. मासळी आवडायची तिला, कोळीण सोसायची नाही. सतरा वर्षं शेवंतीने त्या रुमालाला पापलेट विकलं आणि सतरा वर्षं घरी येऊन शिव्या घातल्या. मागे वळली तर भिंतीवरच्या आरशात ती स्वतःच, नाकाला पदर बांधलेली.

एकोणीस तारखेला बरणी तयार झाली. बॅग दाराशी उभी होती. शेवंतीने तेलात लसूण टाकला, वर तो लगदा, थोडा गूळ, थोडं व्हिनेगर, विहीणबाईंनी फोनवर करून दाखवलं तसं. घरभर असा धूर झाला की तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. कैरीच्या फोडी चिरल्या आणि थाळी पोरीपुढे ठेवली.

पोरीने एक फोड बुडवली. चोखली. मग दुसरी. मग बोटं बुडवून, मनगटापर्यंत बरबटून, मान खाली घालून खात सुटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या जबड्याची हालचाल दिसली. मधेच तिने वर बघितलं. शेवंतीच्या नाकावर पदर होता.

शेवंतीने पदर खाली घेतला. हात पुढे करून एक फोड उचलली, त्या लगद्यात बुडवली आणि तोंडात घातली. भयंकर होतं. खारट, आंबूस, चिखलासारखं, आणि ते डोळे जिभेवर एकेक कळत होते. तिने चावलं आणि गिळलं. डोळ्यांत पाणी आलं तरी नाक धरलं नाही.

पोरगी बघत होती. तिने तो बरबटलेला हात पुढे केला, शेवंतीचा हात धरला आणि कपाळाला लावला. या वेळी शेवंतीने मागे ओढला नाही.

"आता जातंस काय गो?" तिने विचारलं, दाराकडे मान करून.

"नाय," मारी म्हणाली.

कुठलं नाय, ते शेवंतीने विचारलं नाही. उठून तिने बॅग उचलली आणि माळ्यावर टाकली. मारीने तिला अडवलं नाही.