निरोगी मेंदूचा नमुना

मैसूरच्या एका इस्पितळात डॉ. वर्षिणी वीसेक वर्षं अपस्मारावर, म्हणजे फिट येणाऱ्या माणसांच्या मेंदूवर, संशोधन करत होती. मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपणारं नवं यंत्र आलं, तेव्हा ते तपासून बघायला एक निरोगी माणूस हवा होता. सहायक चैत्राच्या केसांना तेल होतं, त्यावर तारा चिकटल्या नसत्या. "माझंच डोकं घे," म्हणत वर्षिणी खुर्चीत बसली. चैत्राने डोक्यावर तारा चिकटवल्या आणि कॅमेरा सुरू केला.

"डोळे मिटले की लाटा कशा एकसारख्या येतात ते बघ. आता उघडते..."

वर्षिणीने डोळे उघडले, तर समोर चैत्रा पांढरीफटक पडलेली.

"काय ग?"

"मॅडम, मी किती हाका मारल्या. तुम्ही ओ दिलीच नाही."

"केव्हा?"

"आत्ता."

वर्षिणीला हसू आलं. तिच्या लेखी मध्ये काही घडलंच नव्हतं. चैत्राने चित्रण मागे नेलं.

पडद्यावरची बाई बोलता बोलता थांबली. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. काही चघळत असल्यासारखे ओठ हलत होते. डावा हात पदराची कड ओढत होता, सोडत होता. आणि डाव्या कानावरच्या तारांच्या रेषा टोकदार होऊन उसळत होत्या. असे आलेख तिने शेकडो पेशंटांचे वाचले होते. शंकेला जागाच नव्हती. ही फिटच होती.

"पुसून टाकू, मॅडम?"

"नको. माझं नाव घाल. पेशंट म्हणून."

गाडी तिथेच ठेवून ती रिक्षाने घरी गेली. आई, तुळसीबाई, अवरेच्या शेंगा सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अय्यो, ते होय? लहानपणापासून तसंच करतीस की तू. सुम्ने गप्प बसायचीस, बोलावलं तरी ऐकायची नाहीस. अभ्यासाचा विचार डोक्यात, म्हणायचो आम्ही. अण्णांचं पण तसंच की."

"अण्णांचं?"

"जेवता जेवता घास हातात धरून बसायचे."

बन्नूरच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावरून तिच्या वडिलांची, अण्णांची, स्कूटर कालव्यात गेली होती आणि त्यातच ते वारले होते. डुलकी लागली असेल, असंच घरात सगळे म्हणत आले होते. तीसुद्धा.

तिने धाकट्या भावाला फोन लावला. सुदीप एच. डी. कोट्याला राहायचा, रोज मोटारसायकलवरून कामाला जायचा.

"सुदीप, गाडीला हात लावू नको. बसने इकडे ये. तुझं डोकं तपासायचंय."

"मला काय झालंय, अक्का?" तो हसला.

"मलाही काही झालं नव्हतं रे," ती म्हणाली. पलीकडचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी सुदीप आला. तारा तिने स्वतः चिकटवल्या. रेषा संथ चालत राहिल्या, कुठेही उसळल्या नाहीत. एका तपासणीवरून खात्री देता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"बंद करू, मॅडम?" चैत्राने विचारलं.

"अजून थोडा वेळ," वर्षिणी म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.