फौजदारचे मागचे पाय

"डॉक्टर, तुम्ही आयुष्यात एक तरी सरडा तपासलाय का?"

विचारलं. एका दमात, न अडखळता, थेट त्यांच्या डोळ्यांत बघून. कंपाउंडरच्या हातातलं मांजरसुद्धा ओरडायचं थांबलं. आईने मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं, पण मान मी खाली घातली नाही.

प्रश्न तसा माझा एकटीचा नव्हता. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली होती. "तू? तू विचारणार?" चष्मिश म्हणाली. "अगं, सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि तुझी बाकापर्यंत!" लवंगीने तर हातावर टाळीच मागितली. "विचारून दाखव. नाहीतर वर्षभर माझे भूगोलाचे नकाशे तू काढायचेस."

त्यांना तरी काय बोलणार? गेल्या सत्रापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते माझं मलाही ऐकू यायचं नाही. मग क्रीडादिनाला माइकवर बोलणाऱ्या मुलीचा घसा बसला आणि बाईंनी समोर जी दिसली तिच्या हातात माइक कोंबला. ती नेमकी मी. मैदानाच्या पार त्या टोकाला आपटून माझाच आवाज माझ्याकडे परत आला, आणि मला तो चक्क आवडला! तेव्हापासून काही मी तो म्यान केलेला नाही.

तर फौजदार. फौजदार म्हणजे माझा दाढीवाला ड्रॅगन. नावाने दचकू नका, आग वगैरे ओकत नाही. मूळचा वाळवंटातला पाळीव सरडा. अजून वर्षाचाही झालेला नाही, शेपटीसकट मोजला तरी माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भरत नाही. पण राग आला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळीकुट्ट करतो आणि असा रोखून बघतो की समोरच्याने मुकाट्याने खिशातून लायसन्स काढावं. म्हणून फौजदार.

त्याचं घरही विकतचं नाही. बाबांचं काचेचं दुकान आहे. बाजारातल्या टाक्यांना वर जाळी असते. ती बघून बाबा म्हणाले होते, "हे काय कोंबड्यांचं खुराडं? माझ्या घरात हे चालायचं नाही." आणि त्यांनी स्वतः टाकी बांधली. चारी बाजूंना काच, वर काचेचं झाकण, कडा अशा घासलेल्या की गाल फिरवून बघावा. हवेसाठी बाजूला बारीक भोकं, झाकणावर दिवा. येणारा प्रत्येक पाहुणा आधी टाकीचं कौतुक करायचा आणि मग फौजदारला बघून किंचाळायचा.

आधी त्याच्या मागच्या पायांची बोटं थरथरायला लागली. जणू मनातल्या मनात पेटी वाजवतोय. आम्ही हसलो. मग त्याचा नेम चुकायला लागला. समोर रातकिडा, आणि जीभ पडतेय भलतीकडेच. मग एका सकाळी तो फांदीवरून उतरला आणि मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे मागे राहिले. पोट घासत, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत तो माझ्या हातापर्यंत आला, आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागली. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी त्याला उताणा ठेवून पाहिला. सरळ होईना. चिमट्याने बोटं दाबली, पाय आखडला, पण उशिरा. "कण्यात नाहीतर मेंदूत जन्मापासूनच दोष असणार," ते आईला म्हणाले. मला नाही, आईला. "हे वाढतच जाणार. लहान जीव आहे, उगाच हाल नकोत. शनिवारी आणा, शांतपणे झोपवू." आई हो म्हणाली. मीही काही बोलले नाही, कारण 'झोपवू' म्हणजे काय ते कळायलाच मला घरी पोचावं लागलं.

आज आम्ही फक्त शनिवारपर्यंत वेदना कमी करणाऱ्या थेंबांसाठी आलो होतो. आणि मी हे विचारून बसले होते.

डॉक्टरांनी हातमोजा काढला. मला वाटलं, आता हाकलतात.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही. पाली मारल्यात तेवढ्या. त्याही झाडूने, बायको ओरडली म्हणून."

कंपाउंडर खो खो हसला. डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "मांजरांबद्दल विचारलं असतंस तर मला राग आला असता. याच्याबद्दल येत नाही. थांब, याचा एक्स-रे काढू. खरं तर तो परवाच काढायला हवा होता."

पडद्यावर फौजदार उमटला आणि मी आईचा हात पकडला. मांजराच्या एक्स-रेत हाडं कशी ठसठशीत पांढरी दिसतात! याची म्हणजे फळ्यावर खडूने काढून कोणीतरी बाहीने पुसलेली. आई सरकारी रुग्णालयात नर्स आहे, असे फोटो तिने ढिगाने बघितलेत. ती पुटपुटली, "अगं बाई, यात तर हाडंच नाहीत."

डॉक्टरांनी फोटो त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला पाठवला. तिने म्हणे आयुष्य साप-सरड्यांत काढलंय. फोन स्पीकरवर टाकला.

"कुणाचं पिल्लू आहे?" पलीकडून खरखरीत आवाज आला.

"माझं," मी म्हणाले.

"जबडा दाबून बघ. हळू. कसा लागतो?"

मी बोट लावलं. "रबरासारखा."

"हं. मेंदूबिंदू काही नाही याला. अंगात कॅल्शियम पोचत नाहीये. म्हणून पाय थरथरतात, म्हणून ओढतो. पावडर देतेस?"

"रोज. रातकिडे तिच्यात घोळवून."

"आणि दिवा? अतिनील किरणांचा? ते किरण अंगावर पडले नाहीत तर पावडर खाऊन काडीचा उपयोग नाही, शरीर ती घेतच नाही."

"दिवा आहे. नवा आहे. दिवसभर चालू असतो."

"मग असं व्हायला नको," बाई म्हणाल्या. "तुझा दिवा नकली असेल, नाहीतर तू मला थापा मारतेयस."

"मी थापा मारत नाही!" माझा आवाज इतका चढला की ते मांजर आता पिंजऱ्यात जाऊन बसलं. "मी स्वतः लावते, स्वतः बंद करते!"

"बरं बाई, बरं. मग दिवा बदलून बघ. आणि तोही चांगला निघाला, तर याच्या शरीरालाच कॅल्शियम घेता येत नाही. त्याला माझ्याकडेही औषध नाही."

फोन बंद झाला. डॉक्टरांनी फौजदारला माझ्या ओंजळीत दिलं. "शनिवार तसाच ठेवतो," ते हळूच म्हणाले. "त्याआधी काही सापडलं तर मला सांग. मला खरंच ऐकायचंय."

आई थेट ड्युटीवर गेली. मी फौजदारला बुटांच्या खोक्यात घालून बाबांच्या दुकानात. नवा दिवा हवा होता, त्याचे पैसे बाबांकडून घ्यायचे होते, आणि तो आजच्या आज हवा होता.

दुकानात गिऱ्हाईक होतं. एक काकू, हातात पडद्याच्या कापडाचा तुकडा. बाबा गिऱ्हाइकाशी बोलायला लागले की मध्ये बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. मी आरशांच्या बाजूला उभी राहिले. हे भाषण मला पाठ आहे. लहानपणी मी बाहुल्यांना ऐकवायचे.

"ताई, साधी काच घ्याल तर वर्षभरात पडद्याचा चोथा," बाबा म्हणत होते. "ही बघा. उजेड सगळा आत. ऊबसुद्धा आत. पण रंग खाणारे जे किरण असतात ना, अतिनील, त्यांना दारातच अडवते. सोफा म्हणू नका, पडदा म्हणू नका, सगळं नव्यासारखं."

मी शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य. आणि आज पहिल्यांदाच मी 'अतिनील'पाशी अडकले.

"बाबा."

"थांब गं, गिऱ्हाईक आहे."

"बाबा, फौजदारच्या झाकणाला कुठली काच लावलीत?"

बाबा अभिमानाने काकूंकडे वळले. "हीच! सगळ्यात भारी. लेकीच्या ड्रॅगनला काय साधी लावणार?"

काकूंनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. बाबा अजून हसत होते. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या काचेकडे. मला वाटतं, माझ्या नव्या आवाजाची ती पहिलीच हार. बाबांना ते मी सांगूच शकले नाही, त्यांचं त्यांना कळलं. काच त्यांनी इतकी हळू खाली ठेवली, इतकी हळू, जणू तीच आजारी आहे.

"दिवा झाकणाच्या वर आहे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे आतापर्यंत त्याला नुसता..."

"नुसता उजेड मिळाला, बाबा."

काकू म्हणाल्या, "मी उद्या येते हं," आणि सटकल्या.

बाबा दुकान बंद करून माझ्याबरोबर आले. घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर झाकण उचललं आणि पलंगाखाली सरकवलं. दिवा आत, फांदीच्या वर टांगला. मग डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्या खरखरीत बाईंना जोडलं. मी झाकणाचं सांगितलं. "काचेचं झाकण? मला विचारायचं सुचलंच नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांकडे जाळी असते गं. आणि तुझ्या वडिलांना सांग, काच भारी होती म्हणून नव्हे, साधी असती तरी हेच झालं असतं." हे मी बाबांना लगेच ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण त्यांचा चेहरा काही सैलावला नाही.

मग बाईंनी पुढचंही सांगितलं, आणि ते गोड नव्हतं. सुईशिवायच्या पिचकारीतून औषध, कित्येक महिने. जबडा कडक होईल बहुतेक. थरथर थांबेल बहुतेक. मागचे पाय मात्र वाकलेत, ते वाकडेच राहण्याची शक्यता जास्त. "आणि दगावणारच नाही असं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या.

आई ड्युटीवरून आली, पांढऱ्या कपड्यांतच सोफ्यावर बसली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग शनिवार ठेवूया."

"आई!"

"ओरडू नकोस. मी रोज बघते गं. 'करून बघू, करून बघू' म्हणत माणसं ताणत राहतात आणि अंथरुणातल्याचं काय होतं ते आम्ही बघतो. त्याला बोलता येत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असं नाही."

"पण तेव्हा आपल्याला वाटलं होतं इलाजच नाही! आता आहे!"

"अर्धा आहे."

मी बाबांकडे वळले. बाबा टाकीसमोर उकिडवे बसले होते. आत फौजदार दिव्याखाली पोट टेकून पसरला होता, एक डोळा मिटलेला. "बाबा, तुम्ही सांगा ना हिला."

बाबा वळले नाहीत. "तुझी आई म्हणते ते बरोबर असेल."

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मला काय वाटतं!" ते एकदम उसळले. बाबा कधीच ओरडत नाहीत. "मला वाटतं, तो आयुष्यभर असा फरफटत या घरात फिरणार आणि रोज मला बघायला लागणार. आलागेला विचारणार, याच्या पायांना काय झालं हो? काय सांगू? मी केलं म्हणून सांगू? कडा घासून घासून केलं म्हणून?"

आईने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांचं मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात सणक गेली, कारण खोलीत सगळे बाबांकडे बघत होते आणि ज्याचे पाय गेले होते त्याच्याकडे एकही जण नाही.

एक जण होता म्हणा. तो स्वतः. बाबांच्या ओरडण्याने फौजदार जागा झाला होता. पुढचे पाय थरथरत रोवून त्याने छाती उचलली, गळा फुगवला आणि दाढी काळी केली. मागचं अर्धं अंग जमिनीला चिकटलेलं, आणि पुढचं अर्धं आम्हा तिघांना दम देतंय! बाबा पुन्हा ओरडले असते तर तो अंगावर आला असता, पोट घासत का होईना.

मी आत गेले. दार लावून फोन फिरवला. डॉक्टरांनीच उचलला. मी बोलले, ते "हं, हं" करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बरं. मग शनिवारी त्याला वजनाला आण. मलाही शिकायला मिळेल." मी तोंड धुतलं आणि बाहेर आले.

दोघं तिथेच होते. मी टाकी आणि त्यांच्या मधोमध उभी राहिले. हात पाठीमागे बांधले. आवाज मैदानावरचा लावला.

"आई, बाबा, ऐका. मी दवाखान्यात फोन करून शनिवारची वेळ रद्द केलीय. विचारायला आले नाहीये, सांगायला आलेय. औषध मी पाजणार, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. आई, त्याला दुखतंय असं तुला ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी मला सांग, मी कान बंद करणार नाही, पण तुला दिसायला हवं, नुसती भीती वाटून चालणार नाही. आणि बाबा, कोणी विचारलं याच्या पायांना काय झालं, तर मी सांगेन, आमच्याकडून चूक झाली. तुमच्याकडून नाही, आमच्याकडून. तो वाकडा चालेल, फरफटत चालेल, पण याच हॉलमध्ये, सगळ्यांच्या समोर चालेल. त्याला मी माझ्या खोलीत लपवून ठेवणार नाही."