दुसऱ्यांदा आलेली कॉफी

मित्रांनो, मी सारायेव्हो शहरातली एक जुनी जेझवा. कॉफी उकळायच्या, लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्याला इथे जेझवा म्हणतात. एका तांबटाने मला सपाट पत्र्यातून घडवले. घाव घालून पत्रा कडक झाला, की तो मला पुन्हा तापवून मऊ करी. आतून कल्हई झाली, तेव्हा माझ्या पोटात आभाळ उतरले होते.

पुष्कळ वर्षे मी झेहराबाईंच्या आईच्या चुलीवर होते. माझ्या दाट फेसाचे सारी आळी कौतुक करी. मग घरात विजेचे यंत्र आले आणि मी फडताळात काळवंडत गेले. तिथून झेहराबाईंनी मला घासूनपुसून आपल्या कचेरीत आणले.

लेकरे असलेल्या जोडप्याने वेगळे व्हायचे ठरवले, की कोर्टाआधी झेहराबाईंकडे येऊन बसायचे. त्या निवाडा करत नाहीत. बोलणे तुटू देत नाहीत, एवढेच. पाण्याला उकळी कधी येणार, हे मला कळते. माणसांचे मात्र काहीच कळत नाही आणि त्याचेच मला नवल वाटते.

एकदा मुनिब आणि अल्मासा आले. तो ट्राम चालवायचा, ती औषधांच्या दुकानात होती. त्यांची आठ वर्षांची लेक ऊना दोघांनाही आपल्याकडेच हवी होती. ही त्यांची शेवटची बैठक. इथे जमले नाही, तर न्यायाधीश ऊनालाच विचारणार होते, आईकडे राहायचे की बाबांकडे.

कित्येक महिने दोघे ऊनाकरवीच बोलत होते. ‘बाबांना सांग’, ‘आईला सांग’. समोरासमोर आले की नुसते टोमणे.

“ट्राम वेळेवर सोडतोस. लेकीला सोडायलाच तेवढा उशीर होतो.”

“आणि तू दारात उभीच असतेस, घड्याळ बघत. तुमच्या दुकानात जिभेवरचं औषध ठेवत नाहीत वाटतं?”

माझ्यातली कॉफी कुणी ओतलीच नाही. फेस विरला. झेहराबाईंनी मला आत नेले, ताजी कॉफी उकळली आणि पुन्हा दोघांच्या मध्ये आणून ठेवले.

आमच्या गावात पाहुण्यापुढे पुन्हा कॉफी आली, की त्याने ओळखायचे, आता उठायची वेळ झाली. थंड कॉफी बदलण्याच्या नादात झेहराबाईंच्या हे ध्यानातच राहिले नव्हते. मुनिबने टोपी उचलली. अल्मासाचा चेहरा पांढराफटक पडला.

“अजून ऊनाचं राहिलंय,” दोघे म्हणाले. एकाच वेळी.

तसे नाही, असे सांगायला झेहराबाईंनी तोंड उघडले होते. ते त्यांनी मिटून घेतले आणि त्या हळूच खुर्चीत टेकल्या.

“ती कुणाचंच नाव घेणार नाही,” मुनिब म्हणाला. “नुसती रडेल.”

“नाही रडणार. ती न्यायाधीशांनाच विचारेल, काय सांगितलं म्हणजे दोघं भांडणार नाहीत?”

मी भट्टीतला जाळ पाहिला आहे, पण त्यानंतर जे झाले, त्याइतके काही मला दिपवून गेले नाही. अल्मासाने चमचा घेतला आणि माझ्यातला फेस दोन्ही पेल्यांत घातला. मुनिबने टोपी खाली ठेवली. मग ते बोलले. अडखळत, पण एकमेकांशी. शाळेचे दिवस आईकडे, शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत बाबांकडे. आणि ऊनाच्या हाती निरोप द्यायचा नाही, कधीच नाही. हे तिला सांगायला दोघे मिळून शाळेकडे गेले. पेल्यांच्या तळाशी नुसता गाळ उरला होता.

मित्रांनो, मला चिंचेने घासा, कल्हई उडाली तर पुन्हा करून घ्या. तेवढ्याने माझे भागते. तुमची काळजी मला अधिक आहे. रुसलेल्या मोठ्यांनी तुमच्या हाती निरोप दिला, तर ‘तुम्हीच बोला ना’ असे म्हणा. तो उद्धटपणा नाही. ते ओझे तुमचे नाहीच.